रस्त्यावरचं मोठं कुत्रं घरी आणताना: कशानंतर काय करायचं

दर पंधरा-वीस दिवसांनी मला एक फोन येतोच. "ताई, आणल्यापासून पलंगाखालीच बसलंय. काही खात नाही. परत नेऊन सोडू का?" विचारलं की कळतं, कुत्रं आणून दोनच दिवस झालेत. तेवढ्यात त्याला आंघोळ घालून झालेली असते, शेजारची मुलं बघून गेलेली असतात, फोटो काढून झालेले असतात आणि कुणीतरी त्याला पलंगाखालून ओढून बाहेरही काढलेलं असतं. सगळं प्रेमापोटी झालेलं असतं, पण क्रम उलटा झालेला असतो.

रस्त्यावर दोन-तीन वर्षं काढलेल्या कुत्र्याला आधी जागा सुरक्षित वाटावी लागते. मग दिवसाचा क्रम त्याच्या अंगवळणी पडतो. हात लावणं त्याच्यानंतर. बहुतेक घरं हात लावण्यापासूनच सुरुवात करतात आणि मग कुत्रं "जीव लावत नाही" म्हणून हिरमुसतात.

पिल्लांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही. वर्षाच्या वरचं गावठी कुत्रं फ्लॅटमध्ये किंवा लहान घरात आणायचं असेल, तर पहिले तीन महिने कसे काढायचे तेवढंच लिहिते.

## १. याला खरंच घर हवंय का, ते आधी बघा

गल्लीतलं पाच-सहा वर्षांचं कुत्रं, चार घरांतून पोळी मिळते, वॉचमनच्या खुर्चीखाली झोपतं, दोन सोबती आहेत. याचं घर आधीच आहे. त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवणं ही त्याला शिक्षाच वाटू शकते. अशा कुत्र्याची नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस आणि रोजचं खाणं-पाणी एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ झालं. त्याच्या एका कानाला काप दिसला तर नसबंदी झालेली आहे असं समजा. त्या वेळी रेबीजची लसही देतात, पण ती दरवर्षी पुन्हा द्यावी लागते हे लोक विसरतात.

घराची गरज असते ती अपघातात पाय अधू झालेल्याला, टोळीने हाकललेल्याला, मालकाने आणून सोडलेल्याला, म्हातारपणी बाकीच्यांचा मार खाणाऱ्याला. आणि जे आपणहून माणसाच्या मागे जिना चढून येतं त्याला.

हे करून बघा: आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खायला द्या. ते तुमच्यापासून हातभर अंतरावर निवांत बसतं का? दार उघडं ठेवलं तर आपणहून दोन पावलं आत येतं का? आत आलं तरी दार लावू नका, त्याला परत जाऊ द्या. तीन-चार वेळा आपल्या पायाने आत-बाहेर केलेलं कुत्रं घरात फार लवकर रुळतं. उचलून आणलेल्याला वेळ लागतो.

## २. घरातल्या प्रत्येकाशी बोलून ठरवा

ही पायरी लोक दहा मिनिटांत उरकतात. तिला एक पूर्ण संध्याकाळ द्या. मुलांच्या हट्टाखातर आणलेलं कुत्रं महिन्याभरात आईच्या गळ्यात पडतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आई "हो" म्हणेपर्यंत मी कुत्रं देतच नाही.

बसून हे प्रश्न सोडवा आणि उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा:

सकाळी सहाला बाहेर कोण नेणार? पावसात कोण नेणार? गणपतीला सगळे गावी जाता, तेव्हा कुत्रं सोबत येणार की कुणाकडे राहणार? घर शाकाहारी असेल तर अंडं किंवा चिकन शिजवायचं की नाही, आणि नाही तर बाहेरून काय आणायचं? स्वयंपाकघर आणि देवघराच्या उंबऱ्याआत येऊ द्यायचं का? येऊ द्यायचं नसेल तर पहिल्या दिवसापासून कुणीच येऊ द्यायचं नाही. आजी हाकलते आणि नातू बोलावतो, अशा घरात कुत्र्याला नियम कधीच कळत नाही.

घरातल्या एखाद्याला भीती वाटत असेल तर ती खरी मानून चाला. त्या माणसाला कुत्र्याचं काहीही करायला लावू नका. फक्त त्याने ओरडायचं नाही आणि पळायचं नाही, एवढंच मागा. पण कुणी मोठं माणूस सरळ "नको" म्हणत असेल तर आणू नका.

वेळही बघून निवडा. दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. घरात लग्न असेल, रंगकाम काढलं असेल, तर थांबा. मे महिन्याची सुट्टी लोकांना सोयीची वाटते. तिच्यात एक खाच आहे: दीड महिना घर भरलेलं असतं आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की कुत्रं अचानक सात-आठ तास एकटं पडतं. सुट्टीत आणणार असाल तर आठवी पायरी पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.

सोसायटीचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. पण सूचनांचा कागद नाचवण्याआधी शेजारच्या दोन दारांवर जाऊन सांगून या. पुढे रात्री कुत्रं भुंकलं तर तीच माणसं सांभाळून घेतात.

## ३. घरी आणण्याआधी डॉक्टर

"धडधाकट दिसतंय, नंतर नेऊ" ही चूक सगळ्यांत महाग पडते. गोचीडताप अंगात असूनही कुत्रं काही आठवडे ठीकठाक दिसू शकतं. नव्या घराचा ताण आला की तो उफाळतो, आणि घरच्यांना वाटतं ते उदास आहे म्हणून खात नाही.

पहिल्या भेटीत एवढं मागून घ्या:

रक्ताची पूर्ण तपासणी, आणि काचपट्टीवर रक्त घेऊन गोचीडतापाचे जंतू बघणं. जंताचं औषध. गोचिड्या-पिसवांवर गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, वजन करूनच. रेबीजची लस आणि इतर रोगांची एकत्रित लस. कोकणात, मुंबईत, जिथे पाणी तुंबतं तिथे पावसाळ्याआधी लेप्टोची लस यात आहे ना, ते विचारून घ्या. हा रोग कुत्र्यापासून माणसालाही होतो. ताप असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टर लसी पुढे ढकलतील. घाई करू नका.

लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येत असेल तर मादी "माजावर आली" असं धरून चालू नका. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये, नर-मादी दोघांतही, समागमातून पसरणारी एक गाठ सर्रास आढळते. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. या गाठीपायी घराबाहेर काढलेली कुत्री मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सावधान: खरजेवर गाडीचं जळकं ऑइल किंवा रॉकेल लावू नका. कुत्रं ते चाटतं, त्वचेतूनही ते अंगात भिनतं, आणि खरूज राहते बाजूला, कुत्रंच दगावतं. तसंच माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड दोन्ही जायबंदी होतात.

घरच्या घरी तपासा: वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. पांढुरकी किंवा पिवळट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. हात लावू देत नसेल तर जांभई देताना बघा. तिथेही रंग कळतो.

## ४. कोपरा तयार करा

त्याला सगळं घर द्यायचं नाही, एक कोपरा द्यायचा. दोन बाजूंनी भिंत असलेला, माणसांच्या येण्या-जाण्याच्या वाटेत नसलेला, पण तिथून घराचं दार दिसेल असा. टेबलाखालची जागा उत्तम. वरून काहीतरी झाकलेलं असलं की कुत्रं सैलावतं. खाली जुनी गोधडी आणि शेजारी जड बुडाचं पाण्याचं भांडं. रस्त्यावर ते ज्या पोत्यावर झोपत होतं ते मिळालं तर धुवू नका, तसंच आणून ठेवा.

गॅलरी हा कोपरा नव्हे. तिथे ऊन येतं, खालची कुत्री दिसतात, उडी मारायची वाट दिसते. गॅलरीला जाळी नसेल तर तिचं दार तीन महिने बंदच.

कोपरा म्हणजे साखळीचा खिळाही नव्हे. कुत्र्याला दिवसचे दिवस बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि बांधलेलं कुत्रं घाबरलं की त्याच्याकडे चावण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

बाकीचं भराभर: उंदरांचं औषध घरातून पूर्ण काढा. फिनेलने फरशी पुसणं काही दिवस थांबवा, पंजाला लागलेलं चाटलं जातं. चपला कपाटात ठेवा.

पट्टा दोन ठिकाणी हवा: एक गळ्याला, एक छातीला, दोन्हींना वेगळी दोरी. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर, आणि हे सगळं पहिल्या दिवसाच्या आधी. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत मान आत ओढतं आणि गळपट्टा कानांवरून सटकतो. हरवलेल्या कुत्र्यांबद्दल मला आलेले बहुतेक फोन पहिल्या आठवड्यातले, आणि असेच सटकलेले.

तपासा: गळपट्ट्याखाली तुमची दोन बोटं जावीत, तीन जाऊ नयेत.

## ५. पहिला दिवस

या दिवशी जितकं कमी कराल तितकं चांगलं.

सकाळी आणा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला घर बघायला पूर्ण दिवस मिळतो. आधी इमारतीभोवती अर्धा तास सावकाश फिरवा. शी-शू होऊ द्या. त्याला वास घेऊ द्या, ओढू नका. मग एकाच माणसाने दोरी हातात धरून आत आणायचं. बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं, उभं राहायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. पाणी दाखवा, कोपरा दाखवा, दार बंद झाल्याची खात्री करा आणि दोरी सोडा. तिथून पुढे ते कुठे जातं, काय हुंगतं, कुठे बसतं हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आंघोळ नाही. पाहुणे नाहीत. फोटोसाठी मांडीवर घेणं नाही.

आणि औक्षण नाही. आपल्याकडे नवं माणूस घरात आलं की ओवाळायची रीत आहे, तिच्यामागची माया मला कळते. पण कुत्र्याच्या डोळ्यांनी बघा: अनोळखी दारात चार माणसं अंगावर वाकलेली, तोंडासमोर ज्योत फिरतेय आणि एक हात कपाळाकडे येतोय. तीन-चार आठवड्यांनी, ते कोपऱ्यात आडवं पडून शेपूट आपटायला लागलं की खुशाल ओवाळा.

आमच्या भुरीच्या वेळी मी यातली निम्मी पथ्यं पाळली नव्हती. भाजी मंडईमागून आणलेली, साधारण तीन वर्षांची. संध्याकाळी सातला आणली, जाऊबाई मुलांना घेऊन बघायला आल्या, मी तिला कोमट पाण्याने आंघोळ घातली. ती शिलाई मशीनच्या पायट्यामागे शिरली आणि चार दिवस तिथून हलली नाही. रात्री आम्ही झोपलो की पाणी प्यायची, तेवढंच. या चार दिवसांत मी तिला दहा वेळा तरी हाक मारली, चिकन दाखवलं, जमिनीवर पालथी पडून हात पुढे केला. दर वेळी ती आणखी आत सरकली.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, ते दिवसभर मशीनसमोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. कुत्र्याकडे बघायचेही नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन आले तर भुरी पायट्यामागून अर्धी बाहेर, आणि तिची हनुवटी बाबांच्या काढून ठेवलेल्या चपलेवर. चावत नव्हती, चाटत नव्हती. नुसती हनुवटी टेकून डोळे मिटलेले. बाबांनी पेपरचं पान उलटायचं थांबवलं आणि मला हातानेच खूण केली, जवळ येऊ नकोस.

तेव्हापासून प्रत्येक घराला मी हेच सांगते: पहिल्या दिवसापासून एकाने तिथे नुसतं बसायचं. मोबाइल बघा, शेंगा सोला, पेपर वाचा. कुत्र्याकडे पाठ किंवा कूस असू द्या. अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी. उठताना त्याच्या दिशेने पण त्याच्यापासून चार हातांवर एखादा चिकनचा किंवा अंड्याचा तुकडा ठेवा आणि मागे न बघता निघून जा.

## ६. पहिला आठवडा: खाणं, शी-शू, रात्र

खाणं. पहिले एक-दोन दिवस खाणार नाही, ठीक आहे. पाणी मात्र प्यायला हवं. चोवीस तासांत पाण्याला तोंड लावलं नाही, उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर वाट न बघता डॉक्टर.

सुरुवातीला त्याला सवयीचं तेच द्या. पोळीवर वाढलेलं कुत्रं पहिल्याच दिवशी भारी पिशवीबंद खाण्यावर आणलंत तर जुलाब होतात आणि सगळं खापर घराच्या वाऱ्यावर फोडलं जातं. सात ते दहा दिवसांत थोडं थोडं करत बदला. घरचं द्यायचं तर भात किंवा भाकरी, त्यात उकडलेलं चिकन किंवा अंडं, लाल भोपळा. मीठ-मसाला, फोडणी काही नाही. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, ताक-दही थोडं चालतं. पुढे रोज घरचंच देणार असाल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या, नुसत्या पोळी-भातावर कुत्रं वाळतं.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं अजिबात नाहीत. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आमटीत भिजवलेली पोळी रोज देणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही मोजा.

ते खात असताना भांड्यात हात घालून "सवय लावणं" बंद करा. या सवयीने कुत्रं शिकतं ते एवढंच, की माणूस जवळ आला म्हणजे खाणं जातं. भांड्याजवळून जाताना आणखी एक चांगला तुकडा टाकून पुढे व्हा. आठवड्यात त्याचं शेपूट सांगेल की तुमचं येणं त्याला हवंसं वाटू लागलंय.

शी-शू. रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्याचं यात एक बरं असतं: आपल्या झोपायच्या जागेपासून लांब जायची त्याला सवय असते. त्यामुळे काही कुत्री घरात करतच नाहीत, आणि घाबरून बाहेरही करत नाहीत. तासन् तास धरून बसतात. अशा वेळी फरशीची, पेव्हर ब्लॉकची जागा सोडा आणि माती-गवताकडे न्या. दर तीन-चार तासांनी, त्याच वाटेने, त्याच जागी. करून झाल्याक्षणी तिथेच खाऊ द्या, घरी येऊन नव्हे.

घरात झालंच तर पुसून टाका, विषय संपला. नाक घासणं, पेपरची सुरळी, दोन्ही बंद. दोन तासांपूर्वीच्या शूची शिक्षा कुत्र्याला कळत नाही. तुम्ही रागावता एवढंच कळतं, आणि मग ते तुमच्यासमोर बाहेरही करत नाही.

रात्र. पहिले आठ-दहा दिवस एकाने त्याच खोलीत झोपा. रस्त्यावरची कुत्री रात्री जागी असतात, राखण करतात, खालून हाक आली की उत्तर देतात. पडदे ओढा, पंखा मोठा ठेवा. भुंकल्यावर तुम्ही "ए गप" म्हणून ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. उठा, त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये जाऊन शांत उभे राहा, मग त्याला कोपऱ्याकडे वळवा.

## ७. आता हात

घाई नको. ते आपणहून तुमच्या पायाजवळ येऊन बसू लागलं की ही पायरी सुरू होते. कुणाकडे चौथ्या दिवशी, कुणाकडे दीड महिन्याने.

बसून राहा. ते जवळ आलं की हाताची मूठ सैल ठेवून बाजूने पुढे करा. डोक्यावरून नाही. डोक्यावर येणारा हात म्हणजे दगड, काठी, ही त्याची आठवण आहे. छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. आता थांबा. ते पुढे सरकलं, हाताला नाक लावलं, अंग टेकवलं, तर आणखी तीन सेकंद. नुसतं उभं राहिलं किंवा मान वळवली, तर आज एवढंच.

हा तीन सेकंदांचा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. कुत्र्याचा "नको" ऐकला जातो, हे त्याला एकदा कळलं की "हवं" म्हणायला ते धजावतं. दोन महिन्यांनी हेच कुत्रं डोकं तुमच्या हाताखाली खुपसून खाजवून घेईल.

"नको" असं दिसतं: झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांच्या कडेने बघणं, त्या वेळी डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, शेपूट पायांत. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे असं नाही. ताठ उभं, टोकाला थरथरणारं शेपूट हा इशारा असतो.

सावधान: गुरगुरलं तर मारू नका, रागावूही नका. गुरगुरणं म्हणजे ते तोंडाने सांगतंय की मागे हो. मार खाऊन गुरगुरणं सोडलेलं कुत्रं पुढे न सांगता चावतं. तुम्ही मागे व्हा, आणि नेमकं कशामुळे झालं ते लिहून ठेवा.

पहिली आंघोळही इथेच येते, तीन-चार आठवड्यांनी. तोवर ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं.

## ८. एकटं राहणं शिकवा

ज्या घरांनी बाकी सगळं नीट केलेलं असतं ती घरं इथे अडतात. कुत्र्याचा जीव लागलेला असतो, आणि मग एक दिवस सगळे लग्नाला जातात. परत येऊन बघतात तर दाराची चौकट कुरतडलेली.

पहिल्या आठवड्यापासून रोज थोडं करा. चपला घाला, किल्ल्या वाजवा आणि पुन्हा बसा. दाराबाहेर जा, दहा सेकंदांत आत या. मग एक मिनिट, पाच मिनिटं, कचरा टाकून येणं, दूध आणून येणं. जाताना निरोप नाही, येताना गळाभेट नाही. ते अस्वस्थ न होता बसून राहिलं तरच वेळ वाढवा. रडलं तर मागच्या टप्प्यावर या. अर्ध्या तासापर्यंत पोचायला अनेकदा दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात लांबचं काम निघालं तर कुणाला तरी घरी बसवा.

तपासा: जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून जा. तुम्ही गेल्यावर ते येरझाऱ्या घालतंय, लाळ गाळतंय की झोपतंय, हे अंदाजाने कळत नाही.

## ९. मुलं, पाहुणे, फटाके

मुलांना तीन नियम: कोपऱ्यात गेलेल्या कुत्र्याकडे जायचं नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रं एका खोलीत असेल तर मोठं माणूस तिथे हवंच, कुत्रं कितीही गुणी असो.

पाहुण्यांना दारातच सांगा: त्याच्याकडे बघू नका, आधी बसा. गौरी-गणपतीच्या गर्दीत त्याला आतल्या खोलीत ठेवून दार लावणं यात अपमान काही नाही, त्याची सुटकाच आहे.

दिवाळीत बाहेर न्यायचं ते उजाडल्यावर आणि अंधार पडायच्या आत, दोन्ही दोऱ्या लावून. खिडक्या बंद, पंखा चालू, टीव्हीचा आवाज नेहमीचा. ते न्हाणीघरात लपलं तर तिथेच गोधडी न्या. ज्याला दरवर्षी धडकी भरते त्याच्यासाठी डॉक्टरांकडे औषधं असतात, पण ती दोन-तीन आठवडे आधी विचारा, नरकचतुर्दशीच्या पहाटे नव्हे.

दात लागला तर: लस दिलेलं कुत्रं असलं, ओरखडाच असला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सांगतील ती इंजेक्शनं पूर्ण करा. दंडातल्या स्नायूत देतात तेव्हा ती पाच असतात: पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही, म्हणून "आपलंच कुत्रं आहे" म्हणून थांबायचं नाही. आणि कुत्र्याला सोडून देऊ नका, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

## १०. तीन महिने झाल्यावर

कागदपत्रं आता पूर्ण करा. महापालिका हद्दीत कुत्र्याचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जोडावा लागतो. नसबंदी राहिली असेल तर तब्येत भरल्यावर हीच वेळ. जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी असतं, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

मग एक संध्याकाळ शांत बसून बघा. तुम्ही खोलीतून उठून गेलात तर ते डोकं वर करून बघतं आणि पुन्हा झोपतं का? तुमच्याकडे पाठ करून झोपतं का? कुशीवर पडून चारही पाय सैल सोडतं का? रस्त्यावरचं कुत्रं अंगाचं मुटकुळं करून, कान उभे ठेवून झोपतं. उताणं झोपायला त्याला खात्री लागते की कुणी लाथ मारणार नाही.

यातलं काहीच दिसत नसेल तर पाचव्या पायरीवर परत जा आणि नुसतं बसण्यापासून पुन्हा सुरू करा. भुरीला उताणं झोपायला पाच महिने लागले. आता ती बाबांच्या खुर्चीखाली झोपते, मागचा एक पाय त्यांच्या चपलेवर टाकून, आणि बाबा उठायच्या आधी तिला सांगतात, "भुरे, पाय घे."